पेरूजा : सराफांचा बाक आणि मिठाचा कर

इटलीतील उंब्रिया प्रांताची राजधानी पेरूजा हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर वसले आहे. रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या दरम्यानच्या या गावाकडे आपल्याकडील यात्रा-कंपन्यांच्या गाड्या सहसा वळत नाहीत. पिसाचा कललेला मनोरा आणि व्हेनिसच्या नावा पाहून आठ दिवसांत परत येणाऱ्या प्रवाशाला त्यासाठी सवड नसते. परंतु ज्या घरात तीन-चार पिढ्या पेढी चालली आहे, वहीचे पहिले पान दिवाळीला पूजेने उघडले जाते, अशा घरातील माणसाने इटलीत एकच गाव पाहायचे ठरवले, तर ते पेरूजा असावे.

या नगरात शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. रेल्वे स्थानक खाली सपाटीवर आहे, आणि तेथून २००८ साली सुरू झालेली छोट्या डब्यांची ‘मिनिमेत्रो’ प्रवाशाला वर नेते. पण खरा प्रवेश पार्तिजानी चौकाकडूनच करावा. तेथून सरकते जिने डोंगराच्या पोटात शिरतात. हे जिने १९८३ साली सुरू झाले. दोन-तीन टप्पे वर गेल्यावर प्रवासी एकाएकी एका गल्लीत येऊन उभा राहतो. दोन्ही बाजूंना विटांची घरे, दरवाज्यांच्या कमानी, मनोऱ्यांची जोती, कोपऱ्यावरचे वळण, सारे जिथल्या तिथे आहे. फक्त आकाश नाही. डोक्यावर विटांची अजस्र कमान आहे आणि भर दुपारीही दिव्यांचा उजेड आहे. ही गल्ली कधी काळी उन्हात होती. तिच्यावर छप्पर का आले याची हकीकत पुढे यायची आहे, आणि तिचे मूळ मिठाच्या भावात आहे.

जिने संपतात तेथे वरचे नगर सुरू होते, आणि पहिल्यांदा जाणवते ते त्याचे वय. दिसायला हे गाव मध्ययुगीन आहे. अरुंद चढ, दगडी पायऱ्या, घराघरांना जोडणाऱ्या कमानी, दगडाला उन्हाने आलेला फिकट गुलाबी रंग. परंतु मध्ययुगातील या घरांचा पाया ज्या तटबंदीवर आहे, ती रोमन साम्राज्यापेक्षाही जुनी आहे. रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत एट्रस्कन लोकांची बारा नगरांची जी प्रबळ मांडणी होती, तिच्यातील पेरूजा हे एक. त्यांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बांधलेला सुमारे तीन किलोमीटरांचा तट आजही ठिकठिकाणी उभा आहे. दगडाचे प्रचंड ठोकळे, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. उत्तरेकडील वेस तर इतकी शाबूत आहे की तिच्याखालून आजही रोजची रहदारी चालते. तिच्या एका बुरुजावर सोळाव्या शतकात कुणी हौसेने नाजूक सज्जा बांधला. त्यामुळे एखाद्या पहिलवानाच्या खांद्यावर जरीचे उपरणे टाकावे तसे ते दिसते.

पुराणवस्तुसंग्रहालयात एक शिळा आहे. १८२२ साली ती जवळच्या एका टेकडीवर सापडली. तिच्यावर सेहेचाळीस ओळींचा एट्रस्कन लेख कोरलेला आहे. एट्रस्कन लिपी वाचता येते, भाषा मात्र पुरती उलगडलेली नाही. जेवढे लागते त्यावरून विद्वानांचे मत असे, की हा दोन घराण्यांमधील जमिनीसंबंधीचा करार आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणत्या तरी दोन कुटुंबांनी हद्दीचा वाद मिटवला आणि पुढे कुणी शब्द फिरवू नये म्हणून तो दगडावर कोरून ठेवला. राजांच्या विजयाचे शिलालेख जगात पुष्कळ आहेत. व्यवहाराचा दस्तऐवज इतक्या ममतेने जपलेला क्वचित पाहावयास मिळतो. त्या भाषेतील काव्य नाहीसे झाले, हिशेब मात्र उरला.

मुख्य चौकापासून जवळच त्याच काळातील विहीर आहे. खोली सुमारे ३७ मीटर. वरच्या तोंडाशी दगडी तुळया टाकून तिला झाकण्याची सोय केली आहे, आणि आज प्रवासी जिन्याने आत उतरून ओल्या भिंतींना हात लावून येऊ शकतो. डोंगरमाथ्यावरच्या गावाचा जीव पाण्यात असतो, हे महाराष्ट्रातील गड पाहिलेल्यांना सांगायला नको. शत्रू तटाशी आला, की प्रश्न तलवारीचा नसतो, टाक्यातील पाण्याचा आणि अंबारातील धान्याचा असतो. पेरूजाला याचा दाहक अनुभव इ.स.पू. ४१-४० मध्ये आला. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतरच्या यादवीत मार्क अँटनीच्या धाकट्या भावाने या नगराचा आश्रय घेतला आणि ऑक्टेव्हियनने, म्हणजे भावी सम्राट ऑगस्टसने, त्याला वेढा घातला. तट पडला नाही. आतले लोक उपासमारीने खचले. पेरूजाची भूक हा पुढे लॅटिन साहित्यात दृष्टान्ताचा विषय झाला. शरणागतीनंतर नगर जळाले. मग ऑगस्टसनेच ते पुन्हा वसवले आणि वेशीवर स्वतःचे नाव कोरले : ‘ऑगस्टा पेरूसिया’. ती अक्षरे आजही उत्तर वेशीवर वाचता येतात. वेढ्यात गोफणीने फेकलेले शिशाचे गोळेही सापडले आहेत, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी एकमेकांना घातलेल्या शिव्या आहेत. त्या येथे देण्यासारख्या नाहीत.

यानंतर हजारभर वर्षांचा काळ ओलांडून पुढे यावे, कारण पेरूजाचे ऐश्वर्य बाराव्या शतकापासून पुढचे आहे, आणि ते राजांनी नव्हे, कारागीर व व्यापारी यांच्या महाजनांनी उभे केले. धंद्यागणिक महाजन होते, त्यांचे नियम लिहिलेले होते, आणि त्यांच्यातूनच निवडलेले ‘प्रियोरी’ दोन-दोन महिन्यांसाठी नगराचा कारभार पाहत. या पंचांसाठी १२९३ पासून दीडशे वर्षे टप्प्याटप्प्याने बांधलेला वाडा आजही चौकाची एक बाजू व्यापून आहे. त्याच्यासमोर नगराची शान असलेले कारंजे आहे. १२७५ ते १२७८ या काळात निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोव्हानी यांनी ते घडवले. खालच्या कुंडाला पंचवीस बाजू आहेत, आणि त्यांवर बारा महिन्यांची कामे कोरली आहेत : पेरणी, कापणी, मळणी, द्राक्षांची तोडणी. शेजारी त्या त्या महिन्याची रास. परंतु या कारंज्याचे खरे कौतुक कोरीव कामात नाही. उत्तरेच्या पच्यानो डोंगरावरचे पाणी दरी उतरून, पुन्हा चढून, बंद नळांतून दाबाने या चौकात आणले गेले, आणि ते पाणी आले म्हणून हे कारंजे बांधले गेले. त्या नळमार्गाच्या पुलावरून आता पायवाट जाते. संध्याकाळी गावकरी तिच्यावरून फिरायला जातात, आणि दोन्ही हातांना घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या लागतात.

पंचांच्या वाड्यातच दोन दालने आहेत, आणि व्यापारी घरातील प्रवाशाने घाई करायची ती इतरत्र करावी, येथे करू नये.

पहिले दालन व्यापारी महाजनाचे, ‘कोलेजो देल्ला मेर्कान्झिआ’. १३९० पासून ही जागा त्यांच्याकडे आहे. आत चित्रे नाहीत. पंधराव्या शतकात भिंती आणि छत लाकडाने मढवले, आणि प्रत्येक फळीवर नक्षी कोरली. खोलीत शिरल्यावर एखाद्या मोठ्या संदुकीत शिरल्याचा भास होतो. महाजनाचे चिन्ह म्हणजे गरुडाचे तोंड आणि सिंहाचे अंग असलेला ग्रिफिन, आणि त्याच्या पंजांत धरलेली कापडाची गासडी. ग्रिफिन हे नगराचेही चिन्ह आहे, पण नगराच्या ग्रिफिनच्या पंजात गासडी नाही. ती व्यापाऱ्यांनी आपली म्हणून दिली. या गासड्यांत जे बाहेर जाई त्यात पेरूजाची पांढरी वस्त्रे प्रसिद्ध होती. निळ्या धाग्याने विणलेल्या किनारी, त्यांत ग्रिफिन, पक्षी, हरणे. जुन्या इटालियन चित्रांतील भोजनप्रसंगांत मेजावर पसरलेली वस्त्रे पाहिली की पुष्कळदा हीच नक्षी दिसते. त्या पद्धतीचे विणकाम गावातील एका तेराव्या शतकातील जुन्या चर्चच्या वास्तूत आजही हातमागावर चालते.

दुसरे दालन सराफांचे, ‘कोलेजो देल काम्बिओ’. येथे थोडे थांबावे लागेल.

त्या काळी प्रत्येक नगराचे नाणे वेगळे. फ्लॉरेन्सचा फ्लोरिन, व्हेनिसचा डुकॅट आणि आणखी किती तरी. त्यांचे वजन, कस, झीज पारखून बदली करून देणे हे सराफाचे काम. तो ज्या बाकावर बसे, त्या बाकाला इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणत. आजचा ‘बँक’ हा शब्द त्याच बाकापासून आला. पेरूजातील सराफांच्या महाजनाला पैशांच्या व्यवहारातील वाद ऐकून निवाडा देण्याचा अधिकार होता, आणि तो निवाडा या खोलीत होत असे. १४५२ ते १४५७ या काळात हे दालन बांधले गेले. शतक संपत आले तेव्हा भिंती रंगवण्याचे काम महाजनाने पिएत्रो व्हान्नुच्ची या चित्रकाराला दिले. जग त्याला पेरूजाचा म्हणून ‘पेरुजीनो’ या नावानेच ओळखते. १५०० पर्यंत काम झाले. त्याच्याकडे शिकलेला तरुण राफाएल या कामात हात घालून होता, असे परंपरा सांगते.

सराफांनी भिंतीवर काय काढून घेतले, हे पाहण्याजोगे आहे. नाणी नाहीत, तिजोऱ्या नाहीत, लक्ष्मीचे त्यांच्याकडील कोणतेही रूप नाही. एका भिंतीवर चार गुणांच्या देवता बसल्या आहेत : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. प्रत्येकीच्या खाली तो गुण ज्यांच्या ठायी दिसला, असे तीन तीन प्राचीन पुरुष उभे आहेत. विवेकाखाली सॉक्रेटिस आहे, न्यायाखाली सम्राट ट्रेजन, संयमाखाली पेरिक्लिस. निवाडा देणाऱ्यांच्या आसनावर न्यायदेवतेची मूर्ती आहे. इतर भिंतींवर ख्रिस्ती धर्मातील प्रसंग आहेत, आणि एका खांबावर चित्रकाराने तांबडी टोपी घातलेला आपला चेहराही काढून ठेवला आहे. चेहरा गुबगुबीत, ओठ मिटलेले, नजर थेट पाहणाऱ्याकडे. उधारी मागायला आलेल्या माणसाकडे पाहावे तशी.

देणेकरी आणि घेणेकरी या खोलीत उभे राहत, तेव्हा त्यांच्या हातात वह्या असत. वहीचा प्रश्न या नगरात किती गंभीर मानला जाई, याची साक्ष एका मोठ्या माणसाने दिली आहे. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू आणि गणितज्ञ. १४७७ पासून तीन वर्षे तो पेरूजाच्या विद्यापीठात गणित शिकवत होता, आणि १४७८ साली येथील विद्यार्थ्यांसाठी त्याने एक गणितग्रंथ हाताने लिहून काढला. पुढे १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा ‘सुम्मा’ हा मोठा ग्रंथ छापून निघाला. त्यात जमा-नावे अशा दुहेरी नोंदीच्या पद्धतीवर एक भाग आहे. ही पद्धत त्याने शोधली नाही. इटलीतील व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. त्याने ती प्रथम छापून सर्वांच्या हाती दिली.

त्याच्या सांगण्याप्रमाणे व्यापाऱ्याने आधी आपल्या मालमत्तेची संपूर्ण यादी करावी. मग तीन वह्या ठेवाव्यात. पहिली कच्ची, तिच्यात दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडेल तसा उतरवायचा. दुसरी रोजनाम्याची आणि तिसरी खात्यांची. कीर्द आणि खतावणी ज्यांच्या घरात मुलांना पाढ्यांबरोबर शिकवली गेली, त्यांना यात परके काही वाटणार नाही. पहिल्या संचाच्या वह्यांवर क्रूसाचे चिन्ह काढावे आणि आरंभ देवाच्या नावाने करावा, हेही तो सांगतो. आपल्याकडे पानाच्या माथ्यावर ‘श्री’ येते, तसेच.

पण वहीवर देवाचे नाव घातले म्हणजे वही खरी झाली, असे तो मानत नाही. पुढच्याच भागात तो सांगतो, की कित्येक ठिकाणी व्यापाऱ्याने आपल्या वह्या व्यापारी अधिकाऱ्यांच्या कचेरीत दाखल कराव्या लागतात, आणि त्यासाठी उदाहरण देतो ते पेरूजाच्या अधिकाऱ्यांचे. व्यापाऱ्याने तेथे जाऊन सांगायचे, की या माझ्या वह्या, यांत अमुक माणूस लिहील, हिशेब अमुक नाण्यात राहील. कचेरीतील लेखनिक ते आपल्या दप्तरी नोंदून, वहीच्या पहिल्या पानावर तसा शेरा लिहून, शिक्का मारून देई. मग ती वही न्यायासनापुढे पुरावा ठरे. ही पद्धत तो वाखाणतो आणि तिचे कारणही लपवत नाही. पुष्कळ लोक दोन-दोन वह्या ठेवतात, एक विकत घेणाऱ्याला दाखवायची आणि दुसरी विकणाऱ्याला, आणि दोन्हींवर हात ठेवून शपथ घेतात, अशी त्याची तक्रार आहे. पाचशे वर्षे होऊन गेली. दोन नंबरची वही हा शब्दप्रयोग ज्या बाजारात कुणाला समजावून द्यावा लागत नाही, अशा बाजारातील माणूस त्या लाकडी बाकासमोर उभा राहिला, तर त्याला सॉक्रेटिसाकडे पाहणे थोडे अवघड जावे.

हेही नमूद केले पाहिजे, की येथील महाजनांची दृष्टी सर्वांना सारखी नव्हती. गरिबाला अल्प व्याजावर, वस्तू गहाण ठेवून कर्ज मिळावे म्हणून फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने १४६२ साली पेरूजात ‘मोन्ते दी पिएता’ नावाची संस्था निघाली. अशा संस्थांचा पुढे इटलीभर प्रसार झाला, आणि अनेक इतिहासकार पेरूजाची संस्था पहिली मानतात. काम पुण्याचे होते. पण त्यासाठी झालेल्या प्रवचनांत सावकारी करणाऱ्या ज्यू लोकांविरुद्ध विष ओतले गेले, आणि त्या समाजाला त्याचे परिणाम भोगावे लागले.

आता ती झाकलेली गल्ली. पेरूजा पोपच्या राज्याच्या छत्राखाली असले, तरी आपला कारभार बराचसा आपणच पाहत असे, आणि मिठाच्या बाबतीत त्याला जुन्या करारांनी सवलती मिळाल्या होत्या. समुद्रापासून दूर, डोंगरावरच्या गावाला मीठ बाहेरूनच घ्यावे लागणार. १५४० साली पोप तिसरा पॉल याने मिठावरील कर वाढवला आणि त्या सवलती मोडीत काढल्या. नगराने नकार दिला. आधी अर्ज-विनंत्या झाल्या, मग सैन्य आले. पोपचा पुत्र पिएर लुईजी फार्नेझे सेनापती होता. प्रतिकार टिकला नाही. लोकांनी नगराच्या किल्ल्या मुख्य देवळाच्या दारावरील क्रूसमूर्तीच्या पायाशी ठेवल्या, असे सांगतात. पोपऐवजी देवाच्या स्वाधीन, असा त्याचा अर्थ. अर्थ पोपच्या लक्षात आला असावा. जूनमध्ये नगर पडले.

शिक्षा म्हणून जे झाले ते करापेक्षा भारी होते. नगरावर वचक बसवण्यासाठी डोंगराच्या दक्षिण टोकाला एक प्रचंड किल्ला बांधायचे ठरले. बाग्लिओनी या बलाढ्य घराण्याची वस्ती नेमकी तेथेच होती. वास्तुरचनाकार आंतोनिओ दा सांगाल्लो याने घरे, मनोरे, देवळे वरून छाटली आणि खालचे मजले, गल्ल्यांसकट, तसेच ठेवून त्यांच्यावर कमानी टाकल्या. त्या कमानींवर किल्ला उभा राहिला. काम तीन वर्षांत आटोपले. एकच सौजन्य त्याने दाखवले. वाटेत आलेली एट्रस्कन वेस त्याने मोडली नाही, तिचे दगड उचलून किल्ल्याच्या भिंतीत पुन्हा बसवले. ‘पोर्ता मार्झिया’ या नावाने ती तेथे आहे, भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखी.

पंचांचा कारभार बुडाला. सराफांचे आणि व्यापाऱ्यांचे महाजन नावाने राहिले, आणि आजही आहेत. ती दोन दालने त्यांच्याच मालकीची आहेत. पण नगराचा कर कोणी ठरवायचा, हा प्रश्न त्यांच्या बाकासमोर पुन्हा आला नाही. मधला नेपोलियनचा काळ सोडला तर १८६० पर्यंत, म्हणजे तीनशे वीस वर्षे, पोपची सत्ता राहिली. ती गेली त्या वर्षांत लोकांनी कुदळी घेऊन किल्ला पाडला. वरचा भाग गेला, आणि खाली दबलेली गल्ली उरली. ज्यांनी तो पाडला त्यांच्या पणतवंडांनी तिच्यातून सरकते जिने नेले.

पेरूजाचा पाव अळणी असतो. पोपच्या मिठाला हात लावायचा नाही म्हणून लोकांनी पावात मीठ घालणे सोडले, असे कोणताही पाववाला सांगेल. इतिहासकारांना हे पटत नाही. शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच असतो, आणि तेथे ही लढाई झाली नव्हती. गोष्ट मात्र लोकांनी टाकलेली नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर जैन प्रवाशाच्या सोयीचे थोडे. हा प्रांत डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे आणि ती दुकाने दारातच टांगलेली असतात. त्याला इलाज नाही. मात्र त्याच प्रांतात डाळी-कडधान्यांची परंपराही जुनी आहे. कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर, हरभरे, आणि त्रासिमेनो सरोवराच्या काठची ‘फाजोलीना’, जी आपल्या चवळीचीच धाकटी बहीण. ‘तोर्ता अल तेस्तो’ ही तव्यासारख्या चपट्या दगडी वा लोखंडी तबकावर भाजलेली जाड पोळी पालेभाजी भरून मिळते. तिच्यात चरबी आहे की ऑलिव्ह तेल, हे विचारून घ्यावे. लसूण सर्वत्र आहे, कठीण चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातील रेनेट असते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जून-जुलै उत्तम, सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. हिवाळ्यात मात्र भोजनालये उघडण्याआधीच अंधार पडतो, तेव्हा दुपारीच सोय करून ठेवावी. गावाचे आधुनिक नाव ज्या चॉकलेटमुळे झाले, ते ‘बाची’ लुईझा स्पान्योली या कर्तबगार स्त्रीने १९२२ साली काढले. तिच्या कारखान्यात कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर होते. सुरुवातीचे नाव म्हणे ‘ठोसा’ असे होते. गिऱ्हाइकाने दुकानात येऊन ठोसा मागावा हे बरे दिसत नाही, म्हणून ते बदलून ‘चुंबन’ असे केले गेले.

त्याच १९२२ साली, ऑक्टोबरात, पेरूजातील एका हॉटेलात बसून मुसोलिनीच्या चार सरदारांनी रोमवरील मोर्चाची सूत्रे हलवली. आणि त्याच गावात पंचांच्या वाड्याच्या घंटामनोऱ्याची देखभाल करणाऱ्या पालिकेच्या एका नोकराचा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याचे नाव आल्दो कापितीनी.

कापितीनी पुढे पिसाच्या नामांकित विद्यालयात शिकला आणि तेथेच सचिवाच्या जागेवर लागला. गांधीजींचे आत्मचरित्र इटालियन भाषेत आले, त्या काळात त्याने ते वाचले. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी रोमला येऊन गेले. आदल्याच वर्षी दांडीला आणि कोकणात शिरोड्याला मिठासाठी लोकांनी सत्याग्रह केला होता. मिठाच्या कराने बुडालेल्या नगरातील हा तरुण त्या चळवळीकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करता येते. याच सुमारास त्याने मांसाहार सोडला. त्याची मांडणी सरळ होती. देश युद्धाकडे ढकलला जात असताना माणूस जर पशूलाही मारावयाचे नाही इतके ठरवू शकला, तर माणसाला मारण्याआधी तो अधिक विचार करील.

१९३३ साली त्याच्यापुढे एक कागद आला. सरकारी नोकरीत राहायचे तर फॅसिस्ट पक्षाचे सदस्यत्व घ्यावे लागे. वर्षाला एक सही, खिशात एक पत्र, एवढीच किंमत. इटलीतील हजारो सुशिक्षितांनी ती मोजली. मनाची एक वही आणि जगाला दाखवायची दुसरी, असे करून त्यांनी संसार सांभाळले. त्यांच्यातील सगळेच भित्रे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, घरी खाणारी तोंडे होती. कापितीनीने सही केली नाही. नोकरी गेली. तो पेरूजाला वडिलांच्या घरी परतला आणि खासगी शिकवण्या घेऊन राहू लागला. १९४२ आणि १९४३ अशी दोनदा त्याला अटक झाली. १९४४ साली नगर मुक्त होताच त्याने पहिली गोष्ट केली ती अशी, की गावकऱ्यांच्या खुल्या सभा भरवल्या. तेथे बटाट्याच्या भावापासून राज्यघटनेपर्यंत कुणीही काहीही विचारावे आणि अधिकाऱ्यांनी उत्तर द्यावे. पंचांच्या वाड्यात तसे चारशे वर्षांत झाले नव्हते. १९५२ साली याच गावात त्याने इटलीतील शाकाहारी मंडळाची स्थापना केली.

किल्ला पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर आता बाग आहे. तिच्या कठड्याशी उभे राहिले, की समोर दरीपलीकडे सुबासिओ डोंगराच्या उतारावर असिसी दिसते. ही दोन गावे शतकानुशतके एकमेकांची वैरी. १२०२ साली त्यांच्यात लढाई झाली, तीत असिसीच्या एका कापड व्यापाऱ्याचा तरुण मुलगा पकडला गेला आणि सुमारे वर्षभर पेरूजाच्या तुरुंगात राहिला. सुटून गेल्यावर काही काळाने त्याने बापाची पेढी सोडली, अंगावरचे कपडेही बापाला परत केले. तोच संत फ्रान्सिस.

२४ सप्टेंबर १९६१ रोजी कापितीनीच्या हाकेवर हजारो माणसे पेरूजाच्या वेशीबाहेर जमली आणि असिसीपर्यंतचे सुमारे चोवीस किलोमीटर पायी चालत गेली. शेतकरी होते, कामगार होते, इतालो काल्व्हिनोसारखे लेखक होते. इंद्रधनुष्याच्या रंगांचा जो शांतिध्वज आज इटलीत घराघरांच्या सज्ज्यांवर दिसतो, तो त्या दिवशी प्रथम निघाला. कापितीनी १९६८ साली वारला. ती पदयात्रा अधूनमधून अजूनही निघते. सकाळी वेशीपाशी सुरू होते, खाली उतरून तिबेर नदी ओलांडते, आणि उन्हे कलता कलता असिसीच्या चढाला लागते.